खिळा आणि नाणं वेगळं ओळखणारा मेटल डिटेक्टर घरी बनवताना: कॉइल, नल आणि टेस्टिंगचा नेमका क्रम

बोर्ड तयार होतो, बीपही वाजतो, आणि मग कळतं की तो खिळ्यालाही तेवढाच वाजतोय जेवढा तांब्याच्या कड्याला. इथवर आलेली बरीच मंडळी मग आयसी बदलत बसतात. मी पण पहिल्या वेळी तेच केलं, एकामागे एक तीन टीएल ०७२ (ऑप-अँप आयसी) बदलल्या, आणि शेवटी लक्षात आलं की कॉइलचा नल (दोन कॉइलची अशी जागा, जिथे एकीचा सिग्नल दुसरीत जवळजवळ येत नाही) मी रेझिन ओतायच्या आधी एकदा बघितला होता, नंतर बघितलाच नव्हता. सर्किट बरोबरच होतं, मी कामं उलट्या क्रमानं केली होती. म्हणून इथे सर्किटची चर्चा कमी, आणि कशानंतर काय करायचं, प्रत्येक टप्प्याला काय तपासायचं हे जास्त.

## सुरू करायच्या आधी दोन गोष्टी

पहिली. ५५५ आयसीवाले किंवा एका कॉइलचे बीएफओ (बीट फ्रिक्वेन्सी ऑसिलेटर) टाइप सर्किट व्हिडिओत मस्त वाजतात, पण त्यातून धातू वेगळे होतील ही अपेक्षा सोडा. आपल्याला लागतं ते दोन कॉइलचं, इंडक्शन बॅलन्सवालं सर्किट: एक टीएक्स (सिग्नल सोडणारी) कॉइल, एक आरएक्स (सिग्नल पकडणारी) कॉइल, प्रीअँप, मग सीडी ४०६६ सारख्या स्विचनं केलेले दोन सिंक्रोनस डिमॉड्युलेटर, म्हणजे सिग्नलची फेज तपासणारे भाग (एक ग्राउंड बॅलन्सचा, म्हणजे मातीचा सिग्नल गप्प करायचा; एक डिस्क्रिमिनेशनचा, म्हणजे धातू वेगळे ओळखायचा), पुढे फिल्टर आणि कंपॅरेटर. या ढाच्याचं कुठलंही नीट चाललेलं डिझाइन घ्या, खालचा क्रम लागू पडेल. आकडे मी १४ किलोहर्ट्झच्या आसपास चालणाऱ्या बोर्डाचे देतोय, तुमच्या डिझाइनमध्ये इंडक्टन्स वेगळा लिहिला असेल तर तोच धरा.

दुसरी, आणि हे समजलं नाही तर पुढची सगळी टेस्टिंग फुकट. डिटेक्टरला धातूचं नाव कळत नाही, त्याला फक्त उशीर कळतो. टीएक्स कॉइलच्या क्षेत्रामुळे धातूत एडी करंट, म्हणजे गोल गोल फिरणारे वीजप्रवाह, तयार होतात, त्यांचं क्षेत्र आरएक्सपर्यंत येतं ते थोडं मागे पडून, म्हणजे फेज सरकवून. फेराइट किंवा लोहखनिजाची माती जवळजवळ उशीर न करता उत्तर देते. लोखंडी खिळा तिच्याच बाजूला पडतो. पातळ फॉइल ९० अंशांच्या पुढेमागे, आणि जाड चांदी किंवा तांबं १८० अंशांच्या दिशेनं. बाकीचे सगळे मधल्या पट्टीत. डिस्क्रिमिनेशनचा नॉब म्हणजे या पट्टीवर रेघ कुठे मारायची एवढंच.

आता यातून दोन कडू गोष्टी निघतात. सोन्याची पातळ अंगठी आणि गोळ्यांच्या स्ट्रिपची फॉइल पट्टीवर शेजारी शेजारी येऊन बसतात, त्यामुळे फॉइल पूर्ण गप्प केली की नाजूक सोनंही गप्प होतं. "फक्त सोन्याला वाजणारा डिटेक्टर" असं कोणी विकत असेल तर पैसे खिशातच ठेवा. आणि मोठं चपटं लोखंड, घोड्याचा नाल, अगदी साधा वॉशरसुद्धा, यात एडी करंट फिरायला भरपूर जागा मिळते म्हणून ते बऱ्याचदा चांगला धातू असल्यासारखे वाजतात. हा तुमच्या बोर्डाचा दोष नाही.

## टप्पा १: सामान, आणि कशात काटकसर करायची नाही

तार: ३३ नंबरची एसडब्ल्यूजी वाइंडिंग वायर, जाडी साधारण पाव मिलीमीटर. मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे वजनावर मिळते, दोन कॉइलला मिळून ६० ते ६५ ग्रॅम लागते, तुम्ही १०० ग्रॅम घ्या कारण पहिली कॉइल बिघडणार आहे. जुन्या ट्रान्सफॉर्मरमधून उलगडलेली तार वापरू नका, इनॅमल कुठेतरी खरवडलेलं असतंच.

कपॅसिटर: टीएक्स आणि आरएक्स कॉइलला जे लागतात ते पॉलिप्रॉपिलीन, पॉलिस्टायरीन किंवा एनपी-झिरो सिरॅमिक. साधी सिरॅमिक डिस्क इथे अजिबात नको. उन्हात गेल्यावर तिची व्हॅल्यू सरकते, फेज सरकते, आणि सकाळी नीट चालणारा डिटेक्टर दुपारी खिळ्याला वाजायला लागतो.

आयसी: लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत स्वस्तात मिळतात, पण एकाच आयसीचे दोन वेगवेगळ्या दुकानांतून घ्या आणि सॉकेट लावा. रिमार्क केलेला (दुसराच नंबर छापलेला) माल कुठेही हाती येतो. सॉकेट असलं की बदलून बघायला मिनिट पुरतं.

सप्लाय: लिथियमचे तीन सेल सिरीजमध्ये, पुढे ७८०८ रेग्युलेटर. ऑनलाइन मिळणारे छोटे बक कन्व्हर्टर लावू नका, त्यांच्या स्विचिंगचा आवाज थेट आरएक्समध्ये घुसतो.

दांड्याला प्लंबिंगचा पीव्हीसी पाइप. कॉइलजवळ लोखंडी स्क्रू चालत नाही, पितळीही नाही. नायलॉन बोल्ट शोधत फिरू नका, कमोडच्या सीटचे प्लास्टिक बोल्ट हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, एकदम योग्य साइजचे.

टेस्ट किट पण आत्ताच जमवा. यात परदेशी गाइड वाचणारे हमखास फसतात. ते लिहितात "नाण्यानं टेस्ट करा", आपण खिशातून एक रुपया काढतो, आणि डिटेक्टर त्याला लोखंड समजून गप्प बसतो किंवा तुटक वाजतो. अहो, आपला हल्लीचा एक आणि दोन रुपया फेरिटिक स्टेनलेस स्टीलचा आहे, चुंबकाला चिकटतो! १९९२ नंतरचा मोठा एक रुपया आणि स्टीलचे चार आणेही तसेच. म्हणून स्पीकरचं जुनं चुंबक घेऊन नाण्यांचा डबा पालथा करा आणि हे वेगळं काढा:

जुनं अकरा कोनी दोन रुपयांचं नाणं, ते क्युप्रोनिकेलचं (तांबं-निकेलच्या मिश्रणाचं), चिकटत नाही, हे आपलं मुख्य टेस्ट नाणं. दहा-वीस पैशांचं ॲल्युमिनियमचं जुनं नाणं. दहा रुपयांचं दुरंगी नाणं. त्याशिवाय दोन इंची खिळा, एक वॉशर, सोड्याच्या बाटलीचं झाकण, गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिपचा तुकडा, तांब्याच्या जाड तारेचं सोल्डर करून बंद केलेलं कडं, चांदीचं जोडवं, आणि घरच्यांनी दिली तर सोन्याची अंगठी. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं: जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओतला फेराइट रॉड. तो नसेल तर टप्पा ७ होणारच नाही.

## टप्पा २: कॉइल न जोडता बोर्ड तपासा

आधी आयसी न लावता सप्लाय द्या आणि प्रत्येक सॉकेटच्या सप्लाय पिनवर व्होल्टेज मोजा, निगेटिव्ह सप्लाय असेल तर तोही. मग आयसी लावा. आरएक्सचं इनपुट तारेच्या तुकड्यानं ग्राउंडला जोडा आणि प्रत्येक ऑप-अँपचं आउटपुट बघा, डीसी पातळी सर्किटमध्ये दिलेल्या रेफरन्सच्या आसपास हवी. एखादं आउटपुट सप्लायला जाऊन चिकटलं असेल तर तिथेच थांबा, पुढे जाऊ नका.

टीएक्स ऑसिलेटर या वेळी बंद दिसेल. घाबरू नका, बऱ्याच डिझाइनमध्ये टीएक्स कॉइल हीच ऑसिलेटरचा भाग असते, ती नसेल तर सुरू कसा होणार.

तपासणी: इनपुट ग्राउंडला असताना सेन्सिटिव्हिटी अर्ध्यावर ठेवली तर आवाज येता कामा नये. येत असेल तर दोष बोर्डातच आहे, कॉइल कितीही चांगली केली तरी तो जाणार नाही.

## टप्पा ३: वाइंडिंग

प्लायवूडवर २० सेंमी व्यासाचं वर्तुळ काढा, त्यावर सोळा खिळे ठोका आणि प्रत्येकाला स्ट्रॉचा तुकडा घाला म्हणजे इनॅमल सोलणार नाही. ११० टर्न. मोजताना दर दहाला कागदावर रेघ मारा, कारण फोन वाजणारच आणि तुम्ही विसरणारच. सुरुवातीच्या टोकाला लाल स्लीव्ह, शेवटच्याला काळी, दोन्ही कॉइलला एकाच दिशेनं.

काढायच्या आधी आठ-दहा ठिकाणी दोऱ्यानं करकचून बांधा, मग खिळ्यांवरून उतरवून पूर्ण गुंडाळी दोऱ्यानं किंवा प्लंबरच्या टेफ्लॉन टेपनं घट्ट लपेटा. इथे ढिलाई केली तर तारा एकमेकींवर हलतात आणि नंतर कॉइल गवताला नुसती टेकली तरी बीप येतो, आणि तो दोष रेझिननंतर सापडतही नाही. मग हातानं दाबून डी आकार द्या, सरळ बाजू साधारण २४ सेंमी, पोट १२ सेंमी.

तपासणी: मल्टिमीटरवर प्रत्येक कॉइलचा रेझिस्टन्स २३ ते २४ ओहमच्या आसपास. दोन्हीत एक ओहमपेक्षा जास्त फरक असेल तर टर्न चुकलेत. इंडक्टन्स गोल असताना साडेसहा मिलिहेन्रीच्या जवळ दिसेल, डी केल्यावर सहाच्या जरा खाली उतरेल कारण आतलं क्षेत्रफळ कमी होतं. म्हणून मोजमाप डी केल्यावरचंच लिहून ठेवा. कमी-जास्त करायचं असेल तर लक्षात घ्या की इंडक्टन्स टर्नच्या वर्गानं बदलतो, म्हणजे पाच टक्के टर्न वाढवले की तो दहा टक्क्यांनी वाढतो.

## टप्पा ४: शील्ड

शील्ड नसेल तर ओल्या गवतात, हात जवळ नेला तरी डिटेक्टर वाजतो, कारण कॉइल आणि जमीन मिळून कपॅसिटर बनतो. गुंडाळीवर आधी उघडी कथील चढवलेली बारीक तार सैल वेटोळ्यात फिरवा, तिच्यावरून स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलच्या पट्ट्या घट्ट गुंडाळा. फॉइलला सोल्डर लागत नाही म्हणून ही तार. ग्रॅफाइट पावडर वॉर्निशमध्ये कालवून लावली तर फॉइलपेक्षा बरं काम होतं कारण तिच्यात एडी करंट कमी फिरतात, पण पहिल्या डिटेक्टरला फॉइल पुरते.

> सावधान: शील्डचं कडं पूर्ण बंद करायचं नाही. जिथून टोकं बाहेर येतात तिथे एक सेंमीची फट उघडी ठेवा, फॉइलचीही आणि आतल्या तारेचीही. कडं बंद झालं की तो शॉर्ट झालेला एक टर्न होतो, टीएक्सची ताकद खातो आणि फेज बिघडवतो. फॉइलची फट ठेवली आणि तार मात्र पूर्ण गोल फिरवून दोन्हीकडे जोडली, ही चूक मी दुसऱ्यांच्या कॉइलमध्ये कितीतरी वेळा बघितलीय.

फटीत इन्सुलेशन टेप भरा म्हणजे नंतर दाबून चिकटणार नाही.

तपासणी: शील्ड ते कॉइल, मल्टिमीटरवर काहीच कंटिन्युइटी नको. असेल तर इनॅमल कुठेतरी खरवडलंय, उलगडा आणि शोधा, दुसरा इलाज नाही.

## टप्पा ५: केबल आणि फ्रिक्वेन्सी

टीएक्स आणि आरएक्सची जोडी एकाच शील्डमध्ये शेजारी शेजारी नेऊ नका. प्रत्येकाला स्वतःची शील्ड असलेली दोन कोअरची माइक केबल चांगली. दोन्ही शील्ड फक्त बोर्डाच्या टोकाला ग्राउंडला जोडा, कॉइलच्या टोकाला त्या त्या कॉइलच्या शील्डला. डब्याला मेटलचा ५ पिन कनेक्टर लावा.

फ्रिक्वेन्सी आत्ता मोजायची, शील्ड आणि केबल लागल्यावर, कारण दोन्ही थोडा कपॅसिटन्स वाढवतात. माझ्या टीएक्सला ५.८ मिलिहेन्री आणि २२ नॅनोफॅरड, त्यातून १४ किलोहर्ट्झ येतात. आरएक्सला १८ नॅनोफॅरड, तो साडेपंधराच्या आसपास रेझोनेट होतो. हा दीड किलोहर्ट्झचा फरक मुद्दाम आहे! दोन्ही एकाच फ्रिक्वेन्सीवर आणले की सिग्नल मोठा दिसतो म्हणून लोक खूश होतात, पण रेझोनन्सच्या टोकावर फेजचा उतार फार तीव्र असतो, कॉइल जरा तापली की फेज भलतीकडे जाते आणि डिस्क्रिमिनेशन दिवसभर तरंगत राहतं.

स्कोप (ऑसिलोस्कोप) नसेल तर लॅपटॉपचं माइक इनपुट आणि फुकटातलं स्कोप सॉफ्टवेअर चालतं, साउंड कार्ड १४ किलोहर्ट्झ आरामात दाखवतं. फक्त टीएक्स कॉइल थेट जोडू नका, लॅपटॉप जाईल. मोठ्या रेझिस्टरचा डिव्हायडर करून काही मिलिव्होल्टच आत सोडा. स्वस्त मल्टिमीटरच्या एसी रेंजवर मात्र विसंबू नका, ती ५० हर्ट्झच्या मेन्ससाठी बनवलेली असते, १४ किलोहर्ट्झला काहीही आकडा दाखवते.

## टप्पा ६: नल काढणं आणि रेझिन

इथे घाई केली तर बाकी सगळं वाया. जागा आधी निवडा: लाकडी टेबल, चारी बाजूंनी मीटरभर लोखंड नको. फ्लॅटमध्ये लोक फरशीवर बसून हे करतात आणि विसरतात की खाली स्लॅबमध्ये सळया आहेत. हातातलं घड्याळ, अंगठी, बांगड्या काढून ठेवा. खुर्चीचे पायही बघा.

१. प्लास्टिकच्या डोक्यात (दांड्याच्या टोकाचा, दोन्ही कॉइल ज्यात बसतात तो चपटा भाग), जाड प्लास्टिकचा ट्रे पण चालतो, टीएक्स डी बसवा आणि पूर्ण चिकटवून टाका. आता ही हलणार नाही.

२. आरएक्स डी तिच्या समोर ठेवा, दोघींच्या सरळ बाजू एकमेकींवर दोन-तीन सेंमी चढवून. टीएक्स सुरू करा, आरएक्सवरचा सिग्नल बघत हळूहळू सरकवा. व्होल्टेज कमी कमी होत जाईल, एका जागी तळ गाठेल आणि पुढे पुन्हा वाढायला लागेल. तो तळ म्हणजे नल. १० ते २० मिलिव्होल्टच्या आत आला तर छान. शून्यासाठी जीव काढू नका, शील्डमुळे थोडं राहतंच.

३. आरएक्सचं बाहेरचं गोल पोट चिकटवा, सरळ बाजू अजून मोकळी ठेवा. नंतर नल पुन्हा बघा, तो सरकलेला असणारच, सरळ बाजू ढकलून परत आणा आणि हॉट ग्लूचे चार ठिपके द्या.

४. आरएक्सच्या तारेचा एक छोटा लूप, दोन सेंमीचा, केबल शिरते त्या जागी मोकळा सोडा. रेझिननंतर नल थोडा हलला तर हा लूप वाकवून तो दुरुस्त करता येतो. हा लूप न ठेवणाऱ्यांनीच मला सगळ्यात जास्त मेसेज केलेत.

५. रेझिन सावकाश सेट होणारं इपॉक्सी घ्या. फायबरग्लासवालं पॉलिएस्टर रेझिन स्वस्त पडतं पण ते आकसतं जास्त आणि नल ओढून नेतं. एकदम ओतू नका, जाड थर तापतो. दोन-तीन पातळ थर, प्रत्येकाच्या मध्ये काही तास, आणि डिटेक्टर चालू ठेवून सिग्नलवर नजर. लूपवर रेझिन जाऊ देऊ नका, तिथे आधी मुलांच्या खेळण्यातली क्ले लावून बांध घाला.

६. २४ तास थांबा. थांबाच. गरम रेझिनवर काढलेला नल थंड झाल्यावर तोच राहत नाही.

तपासणी: दुसऱ्या दिवशी नल मोजा, लूप वाकवून शक्य तेवढा खाली आणा, मगच लूप हॉट ग्लूनं बसवा. डोक्यावर बोटानं टिचकी मारा, बीप आला तर कुठेतरी तार मोकळी राहिलीय.

## टप्पा ७: ग्राउंड बॅलन्स आणि डिस्क्रिमिनेशन लावणं

हा क्रम उलटा करू नका, आधी ग्राउंड, मग डिस्क्रिमिनेशन.

डोकं जमिनीपासून आणि भिंतीपासून लांब, हवेत आडवं धरून टांगा. डिटेक्टर ऑल मेटलवर, म्हणजे सगळ्या धातूंना वाजेल असा. फेराइट रॉड कॉइलसमोर जवळ-लांब हलवा आणि ग्राउंड बॅलन्सचा पॉट (फिरवायचा रेझिस्टर) फिरवत जा. एका बाजूला गेलं की रॉड जवळ आणताना वाजतो, दुसऱ्या बाजूला गेलं की लांब नेताना वाजतो, आणि मध्ये एक अरुंद जागा आहे जिथे तो गप्प. मल्टिटर्न पॉट वापरा, साध्या पॉटवर ती जागा केसभर असते. आणि ती जागा पॉटच्या अगदी टोकाला येत असेल, किंवा येतच नसेल, तर ग्राउंड चॅनलच्या फेज शिफ्टचा रेझिस्टर बदलायला हवा. पॉटशी झटापट करून उपयोग नाही.

आता दोन रुपयांचं जुनं नाणं कॉइलसमोरून आडवं फिरवा. मध्यावर एकच स्वच्छ बीप हवा. मध्ये गप्प आणि दोन्ही बाजूंना एकेक असा जोड-बीप आला तर आरएक्सच्या दोन तारांची अदलाबदल करा, पोलॅरिटी उलटी आहे. या एका गोष्टीमुळे कितीतरी चांगले बोर्ड भंगारात गेलेत.

मग डिस्क्रिमिनेशन नॉब शून्यावर ठेवून खिळा फिरवा आणि नॉब वाढवत जा. खिळा थोड्याशा फिरवण्यातच गप्प व्हायला हवा. पुढे वाढवत नेलं की वस्तू या क्रमानं गप्प होत जातात: फॉइलचा तुकडा, पातळ सोनं, मग क्युप्रोनिकेलचं नाणं, पुढे ॲल्युमिनियम, आणि तांब्याचं जाड कडं शेवटपर्यंत वाजत राहतं. वस्तूच्या आकारानं शेजारच्या दोघांची जागा बदलू शकते, त्याचं टेन्शन नको. पण खिळा नाण्यानंतर गप्प होत असेल तर डिस्क्रिमिनेशन चॅनलची फेज चुकलीय.

नॉबवर कागदाची गोल चकती चिकटवून प्रत्येक वस्तू जिथे गप्प झाली तिथे पेन्सिलनं खूण करा. विकतच्या डिटेक्टरला स्क्रीन असते, आपल्याला ही चकती.

## टप्पा ८: हवेतली टेस्ट

घरात करत असाल तर ट्यूबलाइटचे एलईडी ड्रायव्हर, मोबाइल चार्जर, इंडक्शनची शेगडी हे सगळं बंद. शक्यतो गच्चीवर किंवा अंगणात जा, गच्चीवर डोकं कमरेइतक्या उंचीवर आडवं धरा म्हणजे स्लॅब लांब राहील.

वस्तू आइसक्रीमच्या काड्यांना चिकटवा, हातात धरून फिरवू नका. प्रत्येक वस्तूसाठी दोन अंतरं लिहा: किती लांबून वाजते, आणि किती लांबून *नीट ओळखते*. लोक पहिलंच लिहितात. माझ्याकडे दोन रुपयांचं नाणं २२ सेंमीवरून वाजतं, पण खिळा आणि ते यात खात्रीनं फरक सांगता येतो तो पंधराच्या आतच. त्यापलीकडे सिग्नल इतका बारीक होतो की फेज आवाजात बुडते.

मग डोळे बांधून टेस्ट. गंमत वाटेल, पण हीच खरी. मी आईला सांगतो, वीस वेळा मनाला येईल ती वस्तू समोरून फिरव आणि कागदावर लिही, मी फक्त "खणायचं" किंवा "सोडायचं" बोलणार. पहिल्यांदा वीसपैकी अकरा बरोबर आले, म्हणजे नाणेफेक केली असती तरी तेवढेच आले असते. दोष डिस्क्रिमिनेशनचा नव्हता, मी स्वतः काडी भराभर फिरवायचो आणि त्याच वेगाची सवय झाली होती, आईचा हात सावकाश होता. हे मोशन टाइप सर्किट आहे, फार हळू फिरवलं तर फिल्टर सिग्नलच खाऊन टाकतो. वेग सेकंदाला एक फेरी ठरवला आणि सतरा आले.

## टप्पा ९: मातीतली टेस्ट

आपल्याकडे खरी परीक्षा इथे आहे. दख्खनची काळी माती बेसॉल्टची, तिच्यात मॅग्नेटाइटचे कण असतात. कोकणात जांभा, तो लोहाच्या ऑक्साइडनं लाल झालेला. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट. म्हणून फेराइटवर लावलेला ग्राउंड बॅलन्स ही फक्त सुरुवात, प्रत्येक जागी तो पुन्हा लावायचा.

पद्धत: धातू नसलेली जागा शोधा, ऑल मेटलवर डोकं जमिनीपासून पाच सेंमी ते तीस सेंमी असं वर-खाली पंपासारखं करा, आणि खाली येताना-वर जाताना दोन्ही वेळा आवाज जाईपर्यंत पॉट अगदी थोडा थोडा फिरवा. ओली माती आणि भेगा पडलेली कोरडी माती यांचा बॅलन्स वेगळा येतो, उन्हाळ्यातली खूण पावसाळ्यात चालत नाही. समुद्राची ओली वाळू खाऱ्या पाण्यामुळे वीज वाहते, एका ग्राउंड चॅनलच्या डिटेक्टरला ती आणि खनिज दोन्ही एकदम सांभाळता येत नाहीत, तिथे सेन्सिटिव्हिटी कमी करून कोरड्या वाळूतच फिरा.

टेस्टसाठी खड्डा करून नाणं टाकून वरून माती लोटू नका, ती भुसभुशीत माती खोटं सांगते. बाजूला एक खड्डा खणा आणि त्याच्या भिंतीतून आडवं भोक पाडून, नाणं प्लास्टिकच्या नळीत सरकवून ५, १०, १५ सेंमी खोलीवर न्या. म्हणजे वरची माती जशी होती तशी राहते. हवेतल्या अंतराच्या अर्ध्यावर मिळालं तरी काळ्या मातीत मी समाधान मानतो. मग नाण्याशेजारी चार बोटांवर खिळा ठेवून बघा. डिस्क्रिमिनेशन जास्त चढवलेलं असेल तर खिळा नाण्यालाही सोबत गप्प करतो, म्हणून शेतात मी नॉब खिळा जेमतेम जाईल एवढाच ठेवतो आणि उरलेला कचरा खणून काढतो.

> सावधान: गडकिल्ले, लेणी, कुठलंही संरक्षित स्मारक, इथे हे यंत्र घेऊन खणू नका. आणि स्वतःच्या शेतातही पुरलेली मौल्यवान वस्तू सापडली तर १८७८ च्या ट्रेझर ट्रोव्ह ॲक्टप्रमाणे दहा रुपयांवरच्या ठेव्याची खबर कलेक्टरला लेखी द्यावी लागते. हरवलेली अंगठी, तुटलेला नांगराचा फाळ, पाइपलाइनचा व्हॉल्व, यासाठी बिनधास्त वापरा.

## बिघडलं तर कुठे बघायचं

काही न हलवता आपोआप बीप: आधी सेन्सिटिव्हिटी कमी करा, मग जागा बदला. शेताकडेला विजेच्या तारा असतील तर तो त्यांचा आवाज. गावात दुसऱ्या दिशेला तोंड केलं तरी फरक पडतो.

केबल हलवली की बीप: कनेक्टर किंवा केबलची शील्ड. केबल दांड्याला घट्ट गुंडाळा, लोंबकळू देऊ नका. टिचकीला पण बीप असेल तर टप्पा ३ ची ढिलाई.

सकाळी ठीक, दुपारी खिळा वाजतो: कपॅसिटर, किंवा आरएक्स टीएक्सच्या फार जवळ ट्यून झालाय, किंवा काळं डोकं उन्हात तापतंय. डोक्याला पांढरा रंग मारा, पण आधी त्या रंगात धातूची पूड नाही याची खात्री करा, चंदेरी रंग तर नकोच.

सगळ्यालाच कमी अंतर: टीएक्सचं व्होल्टेज बघा. शील्ड न लावता जेवढं होतं त्यापेक्षा खूप पडलं असेल तर शील्डचं कडं कुठेतरी बंद झालंय.

खिळा जातो पण गंजलेला पत्रा आणि बाटलीचं झाकण जात नाही: ते कुठल्याच सर्किटनं पूर्ण जात नाही. एक युक्ती आहे, त्यावरून डोकं उत्तर-दक्षिण आणि मग पूर्व-पश्चिम फिरवा. नाणं दोन्हीकडून एकाच जागी, सारखंच वाजतं. झाकण किंवा पत्रा बहुतेक वेळा एका दिशेनं तुटक वाजतो, किंवा जागा दोन-तीन बोटं सरकलेली दाखवतो. आणि डोकं जमिनीपासून हळूहळू वर उचललं तर झाकणाचा आवाज एकदम फाटतो, नाण्याचा फक्त बारीक होत जातो.